यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फ्लाय फिशिंग

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या नद्या, ओढे व सरोवरे यांत कृत्रिम कीटक बांधलेल्या गळाने केल्या जाणाऱ्या छंदस्वरूप मासेमारीस यलोस्टोनमधील फ्लाय फिशिंग म्हणतात. मुख्यतः ट्राउट या थंड पाण्यातील माशासाठी ही मासेमारी केली जाते. उद्यानाच्या रस्त्यांपासून दूर असलेल्या प्रवाहांत माणसांनी सोडलेल्या नव्हे, तर त्याच पाण्यात अंड्यातून जन्मलेल्या ट्राउटची संख्या मोठी असल्याने हा प्रदेश या छंदासाठी जगभर ओळखला जातो.

या विषयात 'वन्य' आणि 'देशी' या दोन संज्ञांमधील भेद महत्त्वाचा आहे. नदीतच जन्मून वाढलेला कोणताही ट्राउट वन्य समजला जातो, मग त्याचे पूर्वज अन्य खंडातून आणलेले का असेनात. देशी ट्राउट मात्र तोच, जो त्या खोऱ्यात माणसाच्या हस्तक्षेपाविना पूर्वापार राहत आला आहे. यलोस्टोनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गळाच्या छंदासाठी परक्या जातींचे मासे सोडले गेले आणि त्यांच्यामुळे देशी कटथ्रोट ट्राउट धोक्यात आला. मासेमारीचे आजचे नियम बव्हंशी याच घटनेच्या परिमार्जनासाठी बनलेले आहेत.

भौगोलिक स्वरूप

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १ मार्च १८७२ रोजी झाली. सुमारे ९,००० चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा बहुतांश भाग वायोमिंग राज्यात असून काही भाग मोंटाना व आयडाहो या राज्यांत आहे. उत्तर अमेरिकेचा खंडीय जलविभाजक उद्यानातून जातो. त्यामुळे यलोस्टोन, लमार, गार्डनर, मॅडिसन या नद्यांचे पाणी मिसुरी व मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातास मिळते, तर स्नेक, लुईस व बेक्लर यांचे पाणी कोलंबिया नदीमार्गे प्रशांत महासागरात जाते.

उद्यानाच्या मध्यभागी समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५७ मीटर उंचीवर यलोस्टोन सरोवर आहे. सरोवरातून निघालेली यलोस्टोन नदी पुढे दोन मोठ्या धबधब्यांवरून खोल दरीत उतरते. त्यांपैकी खालचा धबधबा सुमारे ९४ मीटर उंच आहे.

माशांच्या इतिहासात धबधब्यांचे स्थान निर्णायक आहे. मासा उंच धबधबा चढू शकत नाही. हिमयुगातील बर्फ वितळल्यानंतर मासे नद्यांतून वर सरकत गेले, पण अनेक ठिकाणी धबधब्यांनी त्यांची वाट अडवली. त्यामुळे उद्यानाची स्थापना झाली तेव्हा तेथील सुमारे ४० टक्के पाण्यात मासेच नव्हते. फायरहोल नदीचा धबधब्यावरील भाग, लुईस सरोवर व शोशोनी सरोवर ही त्याची प्रमुख उदाहरणे होत.

यलोस्टोन सरोवरात मात्र मासे होते. खालचे धबधबे दुर्लंघ्य असताना ते वर पोहोचले कसे, याचे उत्तर उद्यानाच्या दक्षिणेकडील टू ओशन खिंडीत मिळते. या खिंडीतील एक ओढा जलविभाजकावरच दुभंगतो. त्याची एक धार पॅसिफिक क्रीक बनून प्रशांत महासागराकडे, तर दुसरी अटलांटिक क्रीक बनून यलोस्टोन नदीच्या उगमाकडील भागास मिळते. कटथ्रोट ट्राउट याच वाटेने प्रशांत महासागराच्या खोऱ्यातून यलोस्टोन खोऱ्यात उतरला, असे मानले जाते.

मासे

देशी जाती

उद्यानातील प्रमुख देशी ट्राउट म्हणजे यलोस्टोन कटथ्रोट. जबड्याखाली दोन्ही बाजूंस असलेल्या तांबड्या-नारिंगी पट्ट्यांमुळे त्याला 'चिरलेल्या गळ्याचा' या अर्थाचे हे इंग्रजी नाव मिळाले. त्याचे अंग पिवळसर तपकिरी असून काळे ठिपके शेपटीकडे दाट होत जातात. लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५ मध्ये मिसुरी नदीच्या ग्रेट फॉल्स या ठिकाणी कटथ्रोटची नोंद केली होती. या जातीच्या 'क्लार्काय' या शास्त्रीय नावात विल्यम क्लार्क यांची स्मृती आहे.

मॅडिसन व गॅलाटिन नद्यांच्या खोऱ्यांत वेस्टस्लोप कटथ्रोट हा दुसरा प्रकार आढळत असे. यांखेरीज माउंटन व्हाइटफिश आणि शिडासारखा उंच पाठीचा पर असलेला आर्क्टिक ग्रेलिंग हे गळाला लागणारे देशी मासे आहेत.

कटथ्रोट वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी सरोवरातून लहान ओढ्यांत शिरून अंडी घालतो. उथळ पाण्यात तो सहज दिसतो. त्यामुळे ग्रिझली अस्वल, पाणमांजर, बाल्ड ईगल, ऑस्प्रे, पेलिकन अशा अनेक प्राण्यापक्ष्यांना या काळात विपुल अन्न मिळते.

बाहेरून आणलेल्या जाती

रेनबो ट्राउट (उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीचा), ब्राउन ट्राउट (युरोपचा), ब्रुक ट्राउट व लेक ट्राउट (दोन्ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व व उत्तर भागांतले) या जाती उद्यानात माणसांनी आणल्या. रेनबो व कटथ्रोट यांचा संकर होतो आणि संकरित पिल्लेही पुढे प्रजननक्षम असतात. त्यामुळे शुद्ध कटथ्रोटचा वंश हळूहळू पुसला जातो. ब्रुक व ब्राउन ट्राउट अन्न आणि जागा यांसाठी कटथ्रोटशी स्पर्धा करतात. लेक ट्राउट तर कटथ्रोटलाच खातो.

इतिहास

पार्श्वभूमी

कृत्रिम कीटकाने मासा धरण्याचा एक जुना उल्लेख रोमन लेखक ईलियन याच्या लेखनात आढळतो. मॅसेडोनियातील लोक लोकर व पिसे यांचा कीटक बनवून ठिपकेदार मासे पकडत, असे वर्णन त्याने इ.स. २०० च्या सुमारास केले आहे. पुढे इंग्लंडमध्ये या तंत्राचा विकास झाला आणि तेथून ते अमेरिकेत गेले.

यलोस्टोनच्या परिसरात शोशोनी, क्रो, बॅनॉक आदी मूलनिवासी समाजांचा वावर उद्यानाच्या स्थापनेपूर्वी शेकडो वर्षांपासून होता. स्थापनेनंतर आरंभीच्या काळात मासेमारीवर फारसे निर्बंध नव्हते. १८८३ च्या नियमांनी जाळी, सापळे व स्फोटके यांचा वापर बंद करून फक्त गळ व दोर यांनाच मुभा दिली.

मासे सोडण्याचा काळ

१८८९ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आयोगाने उद्यानात मोठ्या प्रमाणावर मासे सोडण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी उद्यानातील पाण्याची पाहणी केली. मासे नसलेल्या सरोवरांत व नद्यांत पर्यटकांसाठी मासे असावेत, हा यामागचा उद्देश होता. फायरहोलच्या वरच्या भागात ब्रुक ट्राउट, गिबन नदीच्या वरच्या भागात रेनबो ट्राउट, तर लुईस व शोशोनी सरोवरांत लेक ट्राउट सोडण्यात आले. १८९० मध्ये नेझ पर्स क्रीकमध्ये ब्राउन ट्राउट सोडला गेला.

हा केवळ यलोस्टोनपुरता प्रकार नव्हता. त्याच सुमारास ब्रिटिश साम्राज्यातही ट्राउटची अंडी दूरदूरच्या डोंगराळ भागांत नेली जात होती. भारतात काश्मीर व नीलगिरी येथे ट्राउट आला तोही विसाव्या शतकाच्या आरंभकाळातील अशाच प्रयत्नांतून.

मासे सोडण्याबरोबरच यलोस्टोन सरोवरातील कटथ्रोटची अंडी काढून बाहेर पाठवण्याचा उद्योगही अनेक दशके चालला. या काळात ८० कोटींहून अधिक अंडी काढली गेली. दुसरीकडे, १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उद्यानाच्या पाण्यात सुमारे ३१ कोटी मासे सोडले गेले होते.

धोरणातील बदल

१९५० च्या दशकात मासे सोडणे व अंडी काढणे हे दोन्ही उपक्रम थांबले. तोवर गळाने मासे पकडणाऱ्यांची संख्या एवढी वाढली होती की सरोवरातील कटथ्रोटची संख्या घटू लागली. सरोवराच्या मुखाशी १९३७ मध्ये बांधलेल्या फिशिंग ब्रिज या लाकडी पुलावर खांद्याला खांदा लावून लोक गळ टाकत. हे ठिकाण कटथ्रोटच्या प्रजननाचेही असल्याने १९७३ मध्ये पुलावरून मासेमारी बंद करण्यात आली. पुलाचे नाव मात्र तसेच राहिले. आज तेथे लोक मासे पाहण्यासाठी थांबतात.

त्याच वर्षी सरोवराखालील यलोस्टोन नदीच्या भागात कटथ्रोट पकडून पुन्हा जिवंत सोडण्याचा नियम लागू झाला. २००१ मध्ये गळाला लागणाऱ्या सर्व देशी माशांसाठी तो उद्यानभर लागू करण्यात आला.

तंत्र व साधने

सामान्य गळाच्या मासेमारीत आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोराला ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला जवळपास वजनच नसते. म्हणून येथे दोरच जाड व वजनदार असतो आणि लवचिक काठीच्या हेलकाव्याने तो पुढे फेकला जातो. काठी मागे नेल्यावर दोर पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. त्यानंतर काठी पुढे आणली की दोर वेटोळे उलगडत जातो आणि त्याच्या टोकाचा कीटक अलगद पाण्यावर उतरतो. या क्षणभराच्या थांबण्यातच तंत्राचे मर्म आहे.

लहान ओढ्यांसाठी साधारणतः अडीच ते पावणेतीन मीटर लांबीची हलकी काठी वापरली जाते. जाड दोराच्या पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक नायलॉनचा धागा असतो. त्याच्या टोकास 'फ्लाय' बांधलेली असते. आकड्यावर दोऱ्याने पिसे, केस व लोकर गुंडाळून तयार केलेली ही कीटकाची प्रतिकृती असते.

फ्लायचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात :

१. ड्राय फ्लाय : पाण्यावर तरंगणारी, पंख फुटून उडू पाहणाऱ्या किंवा पाण्यात पडलेल्या कीटकाची नक्कल.
२. निम्फ : पाण्याखाली वाहत जाणारी; कीटकाच्या अळीची वा अपक्व अवस्थेची नक्कल. ट्राउटच्या आहाराचा मोठा भाग पाण्याखालीच असल्याने हा प्रकार परिणामकारक ठरतो.
३. स्ट्रीमर : लहान माशासारखी दिसणारी व ओढत आणली जाणारी.

पिसांच्या निवडीस या कलेत मोठे महत्त्व आहे. सह्याद्रीसह भारताच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील ठिपकेदार पिसांना फ्लाय बांधणाऱ्यांमध्ये पूर्वी विशेष मागणी होती. पुढे या पिसांच्या निर्यातीवर भारताने बंदी घातली.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी राहतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. म्हणून गळ टाकणारा प्रायः माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने पुढे सरकतो. फ्लाय नैसर्गिक कीटकाप्रमाणे प्रवाहाच्याच वेगाने वाहणे आवश्यक असते. दोराच्या ओढीने ती थोडी जरी तिरपी सरकली, तरी अनुभवी मासा तिला नाकारतो. पाण्यावर पडलेली माणसाची सावली किंवा काठावरील पावलांचा हादरा हेही मासा दडण्यास पुरेसे असतात.

कटथ्रोट पृष्ठभागावरील फ्लाय संथपणे वर येऊन घेतो. काठी घाईने उचलली तर आकडा त्याच्या तोंडातून निसटतो. रेनबो वा ब्राउन ट्राउट पकडण्याची सवय असलेल्यांची येथे अनेकदा फसगत होते.

दुर्गम प्रवाह

उद्यानातील बहुसंख्य पर्यटक रस्त्यालगतच थांबतात. पायवाटेने काही किलोमीटर आत गेल्यावर गर्दी विरळ होते.

स्लू क्रीक : ईशान्य भागातील हा ओढा कुरणांच्या मालिकेतून नागमोडी वाहतो. वाहनतळापासून सुमारे तीन किलोमीटरच्या चढउतारानंतर पहिले कुरण लागते. पुढची दुसरी व तिसरी कुरणे अधिकाधिक दूर आहेत. पाणी संथ व नितळ असल्याने कटथ्रोटला फ्लाय न्याहाळण्यास भरपूर वेळ मिळतो. वारंवार पकडले व सोडले गेलेले येथील मासे विशेष सावध मानले जातात.

लमार खोरे : लमार नदी, सोडा ब्यूट क्रीक, पेबल क्रीक व कॅश क्रीक हे या खोऱ्यातील प्रमुख प्रवाह होत. लमारचा खालचा भाग रस्त्याजवळ असला तरी उगमाकडील भागात पायी किंवा घोड्यावरून जावे लागते. गवे व लांडगे यांचा येथे नित्य वावर असतो.

थरोफेअर : यलोस्टोन सरोवराच्या आग्नेयेस, यलोस्टोन नदीच्या वरच्या अंगास असलेला हा प्रदेश अलास्का व हवाई वगळता अमेरिकेतील सर्वांत दुर्गम भागांपैकी एक गणला जातो. तेथील वनरक्षकांची चौकी जवळच्या रस्त्यापासून पायवाटेने सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. सरोवरातील कटथ्रोट अंडी घालण्यासाठी येथवर येतात.

बेक्लर : नैर्ऋत्य कोपऱ्यातील हा भाग धबधबे, दलदलीची कुरणे आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धातील डासांसाठी प्रसिद्ध आहे. येथे रेनबो ट्राउट विपुल आढळतो.

या भागांत रात्री मुक्काम करण्यासाठी उद्यानाचा स्वतंत्र परवाना लागतो. अस्वल व लांडगा यांपासून किमान ९१ मीटर, तर अन्य वन्यप्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. वाहत्या पाण्याच्या आवाजात माणूस व अस्वल यांना एकमेकांची चाहूल लागत नाही. म्हणून एकट्याने न जाण्याचा, बोलत चालण्याचा आणि अस्वलास पळवून लावणारा मिरचीचा फवारा हाताशी ठेवण्याचा सल्ला उद्यान प्रशासन देते. बर्फाच्या पाण्याने फुगलेले ओढे ओलांडणे हाही येथील मोठा धोका आहे.

हंगाम

मासेमारीचा हंगाम साधारणतः मे महिन्याच्या अखेरीस सुरू होऊन शरद ऋतूत संपतो. यलोस्टोन सरोवरास मिळणारे अनेक ओढे कटथ्रोटच्या प्रजननामुळे १५ जुलैपर्यंत बंद ठेवले जातात. दुर्गम प्रवाह जूनअखेरपर्यंत बर्फाच्या पाण्याने गढूळ असल्याने तेथील खरा हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा समजला जातो.

हंगामानुसार माशांचे अन्न बदलते. उन्हाळ्याच्या आरंभी मोठ्या नद्यांवर सॅमनफ्लाय हा बोटाएवढा स्टोनफ्लाय जातीचा कीटक निघतो. जुलैमध्ये मेफ्लाय व कॅडिसफ्लाय यांचे थवे दिसतात. ऑगस्टमध्ये कुरणांतील गवत वाळू लागले की वाऱ्याने नाकतोडे पाण्यात पडतात आणि काठालगत दडलेले मोठे मासे त्यांवर तुटून पडतात. सप्टेंबरच्या थंड, ढगाळ दुपारी लहान मेफ्लाय पुन्हा निघतात. या काळात उंच भागांत हिमवृष्टीही होऊ शकते.

नियम

उद्यानाचे नियम वेळोवेळी बदलतात. त्यांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

- १६ वर्षे व त्यावरील व्यक्तींस उद्यानाचा मासेमारी परवाना आवश्यक असतो. राज्यांचे परवाने येथे चालत नाहीत.
- जिवंत वा नैसर्गिक आमिष वापरण्यास मनाई आहे. आमिष मासा खोलवर गिळतो व आकडा काढताना मरण्याची शक्यता बरीच वाढते.
- आकड्याचा उलटा काटा काढलेला किंवा चेपलेला असावा लागतो. शिशाची वजने वापरता येत नाहीत.
- मॅडिसन व फायरहोल नद्या तसेच गिबन नदीचा धबधब्याखालील भाग केवळ फ्लाय फिशिंगसाठी राखीव आहे.
- नमद्याचे तळवे असलेले बूट वर्ज्य आहेत. ओल्या नमद्यातून रोगजंतू व परके जीव एका नदीतून दुसरीत जातात.
- देशी मासे तत्काळ व इजा न करता पाण्यात सोडणे बंधनकारक आहे.

बाहेरून आणलेल्या जातींबाबतचा नियम ठिकाणानुसार बदलतो. मॅडिसन, फायरहोल व गिबनच्या खालच्या भागात रेनबो व ब्राउन ट्राउट जिवंत सोडावे लागतात, कारण तेथे ते दीर्घकाळ रुळलेले वन्य मासे म्हणून जपले जातात. याउलट लमार खोऱ्याच्या वरच्या भागात पकडलेला रेनबो वा ब्रुक ट्राउट आणि यलोस्टोन सरोवरातील लेक ट्राउट परत सोडण्यास मनाई असून तो मारावाच लागतो. एकाच जातीचा मासा एका नदीत सोडणे आणि दुसरीत मारणे बंधनकारक असल्याने मासे पकडणाऱ्याला जात अचूक ओळखता यावी लागते. जबड्याखालील तांबडा पट्टा ही त्यासाठीची पहिली खूण समजली जाते, परंतु संकरित माशांत तीही फसवी ठरू शकते.

पकडलेला मासा सोडताना हात ओले करणे, मासा शक्यतो पाण्यातच ठेवणे व त्याला दमवून न काढता लवकर जवळ आणणे या गोष्टी महत्त्वाच्या मानल्या जातात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. मारलेल्या माशाची आतडी अस्वलांना आकर्षित करतात. म्हणून ती काठावर न टाकता खोल पाण्यात टाकण्याचा दंडक आहे.

देशी ट्राउटपुढील संकटे

लेक ट्राउट

१९९४ मध्ये यलोस्टोन सरोवरात एका गळाला लेक ट्राउट लागला आणि ही जात तेथे शिरल्याचे निश्चित झाले. लुईस सरोवरातून हे मासे कोणीतरी आणून सोडले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. एक प्रौढ लेक ट्राउट वर्षाला सुमारे ४० कटथ्रोट खाऊ शकतो. क्लिअर क्रीक या ओढ्यात १९७८ मध्ये अंडी घालण्यास ७०,००० हून अधिक कटथ्रोट आले होते. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संख्या काही शेकड्यांवर आली.

लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो व सरोवरातच अंडी घालतो. तो ओढ्यांत येत नसल्याने अस्वले व पक्षी यांच्या दृष्टीने तो कटथ्रोटची जागा घेऊ शकत नाही. कटथ्रोट घटल्यावर ग्रिझली अस्वलांच्या आहारातील माशांचे प्रमाण कमी झाले व एल्क हरणांच्या पाडसांची शिकार वाढली, असे अभ्यासांत आढळले. एका माशाच्या आगमनाचे परिणाम अशा रीतीने जमिनीवरील प्राण्यांपर्यंत पोहोचले.

रोग व तापमान

१९९८ मध्ये उद्यानात 'व्हर्लिंग' रोग आढळला. एका सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या या रोगात पिल्लांच्या कूर्चेस इजा होऊन ती गोलगोल फिरत पोहतात व बहुधा मरतात. पेलिकन क्रीकमधील कटथ्रोटला याचा जबर फटका बसला.

पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यास त्यातील प्राणवायू घटतो व पकडून सोडलेला ट्राउट दगावण्याचा धोका वाढतो. उष्ण व कोरड्या उन्हाळ्यात उद्यान प्रशासन दुपारी २ ते सूर्योदय या वेळेत मासेमारी बंद ठेवते. २०२१ मध्ये असे निर्बंध लागू झाले होते. जून २०२२ च्या महापुरात लमार, सोडा ब्यूट व गार्डनर नद्यांच्या खोऱ्यांतील रस्ते वाहून गेले व काही ठिकाणी नद्यांनी आपले पात्र बदलले.

देशी माशांचे पुनर्स्थापन

सरोवरात गिल जाळ्यांच्या साहाय्याने आतापर्यंत ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट काढण्यात आले आहेत. २०१० च्या दशकापासून लेक ट्राउटची संख्या घटू लागली व कटथ्रोट अंशतः सावरला. मात्र लेक ट्राउटचे समूळ उच्चाटन झालेले नसल्याने जाळी लावण्याचे काम दरवर्षी चालू ठेवावे लागते.

ओढ्यांमध्ये वेगळी पद्धत अवलंबली जाते. खाली नैसर्गिक धबधबा असेल किंवा कृत्रिम अडथळा बांधता येत असेल, असा ओढा निवडून त्यात रोटेनोन हे वनस्पतिजन्य मत्स्यविष सोडले जाते. परके मासे नष्ट झाल्यावर त्यात शुद्ध वंशाचे देशी मासे सोडले जातात. विषाचा प्रभाव खालच्या बाजूस पोटॅशियम परमँगनेटने नाहीसा केला जातो. २००६ पासून हाय लेक व स्पेसिमेन क्रीकचा पूर्व फाटा येथे वेस्टस्लोप कटथ्रोटसाठी, पुढे ग्रेलिंग क्रीक येथे वेस्टस्लोप व ग्रेलिंगसाठी ही प्रक्रिया झाली. सोडा ब्यूट क्रीकमधून २०१५ व २०१६ मध्ये ब्रुक ट्राउट काढून टाकण्यात आला. तत्पूर्वी तेथील कटथ्रोट विजेच्या सौम्य धक्क्याने पकडून बाजूला ठेवले होते. विषाचा अंमल संपल्यावर ते पुन्हा ओढ्यात सोडले गेले.

या कामात फ्लाय फिशिंग करणाऱ्यांचाही सहभाग असतो. उद्यानाच्या स्वयंसेवक उपक्रमात ते दुर्गम ओढ्यांतून मासे पकडून त्यांची लांबी नोंदवतात व आनुवंशिक तपासणीसाठी पराचा बारीक तुकडा घेतात. कोणत्या ओढ्यात संकर कितपत पसरला आहे, हे ठरवण्यास त्याचा उपयोग होतो.

टीका व मतभेद

पकडून सोडण्याच्या पद्धतीवर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. अन्नासाठी नव्हे तर करमणुकीसाठी माशाला वेदना देणे अनैतिक आहे, हा पहिला आक्षेप होय. एकच मासा पुन्हा पुन्हा पकडला जातो, हा दुसरा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यलोस्टोन नदीवरील एका अभ्यासात एका हंगामात प्रत्येक कटथ्रोट सरासरी नऊ ते दहा वेळा पकडला गेल्याचे आढळले. त्याच अभ्यासात प्रत्येक वेळी पकडले गेल्याने होणारी मरतूक एक टक्क्याहूनही कमी होती. समर्थक हा आकडा पद्धतीच्या यशाचा पुरावा मानतात, तर विरोधकांच्या मते जगण्याचे प्रमाण हे यातनांचे माप नव्हे.

रोटेनोनच्या वापरालाही विरोध होतो. या विषाने माशांबरोबर पाण्यातील अनेक कीटक व कल्ल्यांनी श्वसन करणारे बेडूकमाशांसारखे जीवही मरतात. वरच्या प्रवाहांतून व उडणाऱ्या प्रौढांकडून कीटकांची संख्या कालांतराने भरून येते, असे व्यवस्थापक सांगतात. शतकाहून अधिक काळ रुळलेल्या रेनबो व ब्राउन ट्राउटना आता परके का म्हणावे, असा प्रश्नही काही मासेमार विचारतात. यावर उद्यान प्रशासनाची भूमिका मध्यममार्गी आहे. ज्या पाण्यात देशी मासे टिकवणे शक्य आहे तेथे त्यांना प्राधान्य द्यावे आणि जेथे परक्या जाती पूर्णतः स्थिरावल्या आहेत तेथे त्या वन्य मासे म्हणून राहू द्याव्यात, असे ती मानते.

हेसुद्धा पाहा

- यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान
- ट्राउट
- आक्रमक प्रजाती
- ग्रिझली अस्वल
- राखी रानकोंबडा